वाघनखाचे दोन वेढे

६ ऑक्टोबर
आलो एकदाचे जबलपूरला. शैलेंद्रची अमरावतीहून इकडच्या फॅक्टरीत बदली झाली तेव्हा मी आठवडाभर तोंड पाडून बसले होते, पण मलाही इथल्या एका जुन्या कॉलेजात नोकरी मिळाली. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाची क्युरेटर! घर गढा भागात, दुसऱ्या मजल्यावर. पाच महिन्यांच्या अक्षतला सांभाळायला सासूबाई आल्यात. बाकीचं सामान खोक्यांतच होतं, तोवर आईंनी सहाण, बोंडलं आणि गुटीचा डबा शोधून काढला. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ. अक्षतची आंघोळ झाली की एकेक सहाणेवर गोल फिरवत मोजके वेढे दुधात उगाळून पाजायचे, हा त्यांचा नेम. मी एम.एस्सी. आहे, पण त्या खात्यात लुडबुड करत नाही.

८ ऑक्टोबर
संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली आणि पेंढा भरलेली बावीस जनावरं. दोन बिबटे, अस्वल, बारशिंगा आणि दारासमोर मंडल्याच्या जंगलात मारलेला वाघ. ऐंशी-नव्वद वर्षं होऊनही एकालाही कसर लागलेली नाही. उंदीरसुद्धा फिरकत नाहीत. मी एकदम खूश.

शिपाई मुरलीधरजी डबा बाहेर चिंचेखाली खातात. त्यांच्या तीन पिढ्या इथल्याच, मराठीत अर्धी हिंदी. आधीच्या सरांच्या तळहातांना घट्टे आले होते, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले होते, असं सांगत होते. काहून ते कोणाला समजलं नाही म्हणे. मलाही बाहेर बसा म्हणाले. मी हसले आणि वाघाशेजारीच पोळीभाजी खाल्ली.

१७ ऑक्टोबर
ब्रश फिरवला की केसांतून पांढरी पूड उडते. जुनी बोरिक असावी. आज वाघाचा पुढचा पंजा उसवला आणि एक नख थेट माझ्या हातात आलं, मुळाशी कातड्याचा तुकडा अजून चिकटलेला. रजिस्टरमध्ये नोंद करायला हवी होती. मी ते पर्समध्ये टाकलं. अक्षत झोपेत दचकतो, त्याला वाघनख हवं, असा आईंचा अमरावतीपासूनचा धोशा आहे. हातात नख पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. गेल्या दोन वर्षांत सून म्हणून एवढे मार्क मला कधी मिळाले नव्हते.

१८ ऑक्टोबर
मला वाटलं, गळ्यात बांधतील. त्यांनी ते सहाणेवर धरलं. दोनच वेढे, पोराची भीती जाते म्हणाल्या. आज रविवार, म्हणून मी घरी. बोंडलं मीच त्याच्या तोंडाला लावलं. तोंड वाकडं केलं लबाडाने.

२ नोव्हेंबर
अक्षतला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. डॉक्टर म्हणाले, नवीन गावचं पाणी. उकळून देतोय. आईंच्या मते दृष्ट लागली. वाघनखाचे वेढे दोनावरून पाचावर गेलेत. माझ्याच तळपायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही.

१४ नोव्हेंबर
त्याचं वजन सहाशे ग्रॅमने घटलं. झोपेत दचकणं थांबलं म्हणून आई समाधानी आहेत. पण तो आता कशानेच दचकत नाही. भांडं पडलं तरी नुसता पडून असतो. मला भीती वाटते.

जवळ घेतला तर तोंडाला लसणाचा वास. आई लसूण खात नाहीत, आमच्या घरात तो येतच नाही.

२० नोव्हेंबर
माझ्या दहाही नखांवर आडवी पांढरी रेघ. पुसली, खरवडली, जात नाही. मग त्याचा हात उजेडात धरला. त्या एवढ्याशा नखांवरही— तशीच.

२१ नोव्हेंबर
कपाटात तळाशी जनावरं भरणाऱ्याची वही मिळाली. कातडी टिकवायची कृती. साबण, कापूर, चुना, सोमल. आतून चोळायचा, वरून भुरभुरायचा.

सोमल. आर्सेनिक. म्हणून कसर नाही, उंदीर नाही. आणि मी, एम.एस्सी., ते विष पर्समधून घरी आणलं. पहिला घोट मी पाजला. मी.

संध्याकाळ. अक्षत दवाखान्यात. डॉक्टरांना सगळं सांगितलं. औषध सुरू. आईंना मात्र खरं सांगायचं नाही, असं शैलेंद्र म्हणाला. मार्चमध्ये त्यांच्या हृदयात स्टेंट टाकलाय, हे ऐकून त्या जगायच्या नाहीत. गुटी बंद करायला डॉक्टरांनी सांगितलंय, एवढंच सांगू. मला पटलं. नख गुटीच्या डब्यात नव्हतं. नंतर शोधतो म्हणाला.

२४ नोव्हेंबर
उलटी नाही. माझं बोट धरलं त्याने. हसला. उद्यापासून सकाळी आई बसतील त्याच्याजवळ, मी घरी जाऊन आंघोळ करून येईन.

२७ नोव्हेंबर
पुन्हा उलट्या. परवापासून. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, बाहेरचं काही देता का. मी नाही म्हणाले. काहीच देत नाही—

२८ नोव्हेंबर
दवाखान्यातच लिहितेय.

अर्ध्या वाटेतून परत आले. फोन विसरला होता. आई खाटेशी पाठमोऱ्या. मांडीवर सहाण.

मला बघून दचकल्या, मग हसल्या. डॉक्टरांना काय कळतं, म्हणाल्या. नख पदरालाच बांधून ठेवलं होतं.

"काळजी करू नको. दहा वेढे देऊन राहिले मी रोज. एक दिवस चुकवला नाही."

बोंडलं रिकामं. सिस्टरला हाक मारली. आई विचारतायत काय झालं, काय झालं, आणि मी त्यांना— अक्षत माझ्याकडे बघतोय, त्याच्या ओठावर पांढरं अजून ओलं—