ह्यांचं खटक्याचं काउंटर

सूनबाई,

"जपाला बोटातल्या अंगठीचं काउंटर घे, पोती मोजायला मात्र खटक्याचंच हवं," हे तुझे सासरे गोदामात कामाला असल्यापासून सांगायचे. आज त्यांचं खटक्याचं मी दवाखान्यात नेतेय. डॉक्टरांनी आशा सोडलीय. नर्सबाई म्हणाल्या, मिनिटाला श्वास किती, तेवढं मोजत राहा. अंगठीत सारखं आकड्याकडे बघावं लागतं. खटका बोटालाच कळतो, म्हणजे नजर ह्यांच्या तोंडावर राहील.

माझा जप सत्तर हजारांवर आहे. ह्यांच्यासाठी बोललेला लाख आता पुरा होत नाही. अंगठी देवापाशी ठेवलीय. बटण दाबून धरू नकोस, सगळं शून्य होतं.

चहा झाकलाय. "शेवटी हात सोडू नकोस," हे म्हणाले होते. हो म्हटलंय. निघते.