दुसऱ्याचा पेपर

१० मार्च २०२५, सोमवार

हो म्हणून बसले! आता स्वतःलाच विचारतेय, काय गरज होती.

झालं असं. बॉटनीचा तास चालू होता आणि परीक्षा विभागाचे हिरालाल सर दारात येऊन उभे राहिले. "बी.ए. फाइनल में एक लड़का है, देख नहीं सकता. पेपर लिखने के लिए राइटर चाहिए. फर्स्ट इयर का हो, सब्जेक्ट दूसरा हो, और लिखावट ऐसी हो कि जाँचने वाला गाली न दे." अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. माझं अक्षर चांगलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण अर्ध्या वर्गाच्या प्रॅक्टिकल फाइली माझ्याच फाइलीवरून उतरवलेल्या आहेत. कुणी अक्षराचं कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढते. चढले.

होस्टेलवर गीता म्हणाली, "अपना पेपर संभलता नहीं, दूसरे का लिखेगी." गीता माझी रूम पार्टनर, बिरसा गावची. ही वही तिच्या हाती लागली तरी मला भीती नाही. मराठी दोन ओळी वाचते आणि जांभई देते.

१३ मार्च

ज्याचे पेपर लिहायचे त्या लोकेश भैयाला भेटले. लायब्ररीच्या व्हरांड्यात बसला होता. इस्त्रीचा शर्ट, घडीची काठी मांडीवर. वारासिवनीजवळच्या गावाहून रोज बसने येतो. मी घाबरून अगदी शुद्ध हिंदीत नमस्कार वगैरे केला.

"गाव कोणतं तुहं?"

"कटंगीच्या पुढे."

"मंग काहून हिंदी फाडून राह्यली? मराठी बोल ना."

बरं वाटलं. मी सातवीपर्यंत सीमेपलीकडे तुमसरला मामाकडे शिकले, म्हणून लिहिते तरी. इथे कॉलेजात मराठी बोलायला कुणी भेटत नाही.

मग परीक्षा घेतली माझीच. अर्धं पान सांगितलं, मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की वैनगंगा नर्मदेला मिळते. घरी जाताना दर वेळी पुलावरून जाते मी, मला माहीत नाही का ती शेवटी कुठे जाते? गोदावरी लिहून टाकलं. भैयाने ते पान लायब्ररीच्या शिपायाकडून वाचून घेतलं आणि असा तापला!

"तुले कोनी सांगतलं सुधरवाले?"

मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. मागच्या वर्षीचा राइटर स्वतःच्या मनाने लिहायचा म्हणे. भैया सांगायचा एक, तो लिहायचा दुसरंच, आणि लवकर सुटायला मिळावं म्हणून अर्धं गाळायचा. दोन वर्षांची सरासरी सत्तावन्न टक्क्यांवर अडकली आहे. त्याला एम.ए.ला जबलपूरला जायचंय. तिथल्या वसतिगृहात जागा मिळायची तर साठ पाहिजेत.

"माहं चुकलं तं चुकलेलंच लिव. पेपर माहा आहे."

मला राग आला. आणि माणूस आवडलाही.

२४ मार्च

रोज चारला तासभर सराव. मी नोट्स वाचते, तो ऐकतो, मग सांगतो, मी लिहिते. एक गंमत आज कळली. तो माझा पेन ऐकतो! पेन थांबला की तो थांबतो, पेन धावला की त्याचंही बोलणं धावतं. "तू 'श' लिवताना लय वेळ लावते," म्हणाला. खरं आहे. मी 'श'ला छान गाठ काढते.

"अक्षर कसं आहे तुहं?"

"चांगलं आहे."

"सगळेच मनतात."

मग माझं पान हिरालाल सरांना दाखवून आला. दहापैकी नऊ दिले सरांनी. एक कशाचा कापला ते काही सांगितलं नाही.

६ एप्रिल

आज काही नाही. कपडे धुतले. गीताने मेसच्या भाजीला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतली.

११ एप्रिल

माझे पेपर संपत आले. केमिस्ट्री बरा, झूलॉजी उत्तम. गंमत अशी की मला आता राज्यशास्त्रच जास्त येतं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झोपेतून उठवून विचारा.

२२ एप्रिल, मंगळवार

भैयाचा पहिला पेपर, इतिहास. सकाळी सात ते दहा, आम्हाला अकरापर्यंत. वेगळी छोटी खोली, एक टेबल, एक पंखा, एक सर वर्तमानपत्र वाचत बसलेले. पहिल्या पानावरचे रकाने भरायचं काम माझं. रोल नंबर, विषय, केंद्र. खाली बारीक अक्षरात सूचना होत्या, त्या मी वाचून काढल्या. वर विद्यापीठाचं मोठं बोधचिन्ह. आमचं विद्यापीठ म्हणजे मला तेवढंच माहीत. शेकडो कॉलेजं, लाखभर पोरं, पण आमच्या होस्टेलात ते डोळ्यांनी पाहिलेली एकही मुलगी नाही.

भैया भराभर सांगत गेला. मधेच म्हणायचा, "मागची ओळ वाच." मी वाचायची. "हौ. पुढे." चार तास! सुटलो तेव्हा माझी बोटं सरळ होत नव्हती. त्याने समोसा खाऊ घातला आणि म्हणाला, "आज पहिल्यांदा वाटलं का पेपर मीच लिवला."

हे वाक्य मी रस्त्यात, मेसमध्ये, अंघोळ करताना, सगळीकडे आठवून आठवून खुश होतेय.

२९ एप्रिल

दुसराही मस्त. हाताला मलम.

६ मे, मंगळवार

राज्यशास्त्र. लिहूनच ठेवते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

आज खोलीत नवीन मॅडम होत्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "सवाल पढ़ देना. उसके बाद तुम्हारी आवाज़ नहीं आनी चाहिए." म्हणजे मागची ओळ वाचणंही बंद. भैया म्हणाला, ठीक आहे.

शेवटचा प्रश्न— पंचायतीतला स्त्रियांचा सहभाग. पहिले मुद्दे नोट्सप्रमाणे आले. मग तो मागे टेकला, आणि चेहराच बदलला. सांगू लागला की माझी आई शेवंताबाई, अमुक गावच्या पंचायतीत पंच आहे. नाव, गाव, वॉर्ड, सगळं! हिंदीत सांगत होता. मला आठवतंय तसं इथे उतरवते:

"पहिलं वर्ष तिला बैठकीचं बोलावणंच नव्हतं. सचिव रजिस्टर घरी पाठवायचा, ती अंगठा द्यायची. एक दिवस तिने रजिस्टर घेतलं आणि पायी पंचायतीत गेली. म्हणाली, आधी वाचून दाखवा, मग अंगठा. सगळे हसले. ती बसून राहिली. त्या दिवशी ठराव वाचायला दोन तास लागले, आणि वाचताना कळलं की आमच्या वॉर्डाचा हँडपंप कागदावर कधीच बसून गेला होता. कायद्याने तिला जागा दिली. खुर्ची तिने स्वतः घेतली."

आईचं नाव आलं आणि माझा हात थांबला. कारण ती बारीक अक्षरातली सूचना मी वाचली होती— उत्तरपत्रिकेत कुठेही नाव, गाव, ओळख पटेल असं काही लिहिलं तर कॉपीचं प्रकरण नोंदवलं जाईल. त्याला ते ठाऊक नव्हतं. पहिलं पान त्याला कधी कुणी वाचून दाखवलंच नसेल. मीही नाही दाखवलं.

पेन थांबला तसा तो थांबला. "लिख ना," म्हणाला. मॅडमनी मान वर केली. मी बोलले असते तर? पेपर काढून घेतला असता तर?

मी पेन चालवला. आरक्षणाचे नोट्समधले मुद्दे वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहीत गेले, ओळीला ओळ. तो माझ्या पेनच्या चालीने सांगत राहिला आणि मी दुसरंच लिहीत राहिले. शेवटी त्याने "पूर्णविराम" म्हटलं, मीही दिला.

बाहेर आल्यावर तो इतका खुशीत होता की मला तोंड उघडवलं नाही.

७ मे

त्याला वाचवलंच ना मी? त्याचा पेपर रद्द झाला असता. साठ टक्के, जबलपूर, सगळं गेलं असतं. गीताला सांगितलं तर म्हणाली, "अच्छा किया. अब भूल जा." गीताचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय.

२५ जून, घरी

दुपारी फोन! तिन्ही वर्षांचे मिळून एकसष्ट पॉइंट आठ! भैया ओरडतच होता. फोनवर मागे त्याच्या आईचा आवाज, "पेढे सांग तिले, पेढे." राज्यशास्त्रात सगळ्यात जास्त पडले, शंभरात चौऱ्याहत्तर.

"आईवर लिवलं ना, त्याचेच मार्क पडले ते," म्हणाला.

मी म्हटलं, हौ.

धानाच्या पेरणीला बाया आल्या होत्या, त्यांना चहा देताना मी गुणगुणत होते. आईने विचारलं, "तुहा निकाल लागला का?" माझा तर अजून लागायचाय. सांगितलं की माझ्या पेपरचा लागला. आईला काही कळलं नाही, हसली.

१४ जुलै

होस्टेलला परत. मी आता सेकंड इयर! माझेही बरे मार्क आहेत, त्यावर नंतर लिहीन. नव्या पोरी आल्यात, दोघी रडतायत, एक गीताला मॅडम म्हणाली. गीता दिवसभर त्याच तोऱ्यात.

भैया भेटला. जबलपूरच्या वसतिगृहात जागा मिळाली. पेढे आणले होते. मग म्हणाला, विद्यापीठाकडे राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागितलीय.

मी विचारलं, काहून? चौऱ्याहत्तर काय कमी आहेत?

"मार्कासाठी नाई वो. पहिलीपासून एवढे पेपर देल्ले, एकबी माहा मले ऐकाले नाई भेटला. बाकीचे पोरं आपलं लिवलेलं पाहू शकतात. हा एक तरी ऐकतो. आणि आईले ऐकवतो." मग म्हणाला, "वाचशील तूच. तुहं अक्षर आहे."

हातातला पेढा मी परत डब्यात ठेवला.

३१ जुलै, गुरुवार

झेरॉक्स आली. मंगळवारी तो जबलपूरला जाणार, त्याआधी रविवारी आईला घेऊन येतोय.

आज सांगायला गेले होते. खरंच. पण त्याने आधीच सुरू केलं, की आई विचारून राह्यली कोणती साडी नेसू. म्हणजे साडी ठरवतायत त्या. कशी सांगू?

मग उपाय सापडला, आणि इतका सोपा की हसू आलं. ते सगळं शब्दन् शब्द मी या वहीत उतरवलेलं आहे. त्याचं हिंदीही पाठच आहे मला. कागद समोर धरायचा आणि त्या जागी ते म्हणायचं. त्याला दिसत नाही. काकूंना वाचता येत नाही. चौऱ्याहत्तर मार्क खरे, आईची गोष्ट खरी, दोघं खुश होऊन घरी जातील. कुणाचं काय बिघडतं?

गीताही म्हणाली, कुछ नहीं बिगड़ता. आज तीन दिवसांनी पोटभर जेवले.

३ ऑगस्ट, रविवार

व्हरांड्यात बसलो. शेवंताबाई काकू हिरव्या साडीत. मी वाचलं, आणि त्या जागी आल्यावर जे लिहिलेलं नव्हतं ते म्हटलं, अजिबात न अडखळता. भैया मान खाली घालून ऐकत होता. काकूंनी पदराने डोळे पुसले.

मग त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सरळ केलं. म्हणाल्या, "बेटा, अंगठा द्यावा नाई लागला पायजे मनून मी सही शिकली. बाकी काही येत नाई, पन माहं नाव मले वाचता येते. कोठी आहे? बोट ठेव."

भैया हसत म्हणाला, "दाखव ना तिले."

त्या वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "काकू, नाव नाही याच्यात. मी लिहिलंच नव्हतं."