नव्वदची बाटली

बेलव्ह्यू, १६ जुलै २००६

प्रिय आसावरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. नेत्रा मला दर दोन दिवसांनी खुशाली कळवते, तिला त्यावरून बोलू नकोस. तिकडे टेक्सासात, फ्रिस्कोत, पारा शंभरच्या वर गेलाय आणि वेद दिवसभर त्यांच्या पूलमध्ये डुंबतोय, एवढं कळलं की माझा दिवस जातो. पण लेकीची खबर तिच्या मैत्रिणीकडून ऐकायला लागून आता तीन आठवडे होतील.

आधी बाबांचं सांगते. न्यूरॉलॉजिस्टने मंगळवारी निदान पक्कं केलं. पार्किन्सन्स. सुरुवातच आहे, औषधं लागू पडतील, पुष्कळ वर्षं चांगली जातील असं ती म्हणाली. बाबांनी एकच विचारलं, ऑपरेशनं? तिने नुसती नकारार्थी मान हलवली. परत येताना गाडी मी चालवत होते आणि पुलावरून जाताना ते खिडकीतून तळ्याकडे बघत होते. घरी आल्यावर त्यांनी राजीनाम्याचं पत्र लिहून मला टाइप करायला दिलं. चौतीस वर्षांची सर्जरी चार ओळींत आटोपली. आणि तुला वाटतं की ती तुझ्या नवऱ्याने, गिरीशने संपवली.

त्या जेवणाला तू नव्हतीस. वेदचा कान दुखत होता म्हणून तू बॉथेललाच राहिलीस आणि गिरीश एकटा आला. त्यामुळे त्या संध्याकाळी काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि तेही चिडलेल्या माणसांकडून. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. कंटाळलीस तरी वाच.

दर जूनमधलं बाबांचं ते जेवण तुला पाठ आहे. एकाच फ्रेंच शातोच्या, म्हणजे द्राक्षमळ्याच्या, सहा वेगवेगळ्या सालांच्या वाईनच्या बाटल्या, जुन्यापासून नव्यापर्यंत, आणि कुठल्या साली ऊन जास्त होतं, कुठल्या साली द्राक्षं पावसात भिजली, हे पेला नाकाशी धरून ओळखायचं. एक्क्याण्णव साली आपण त्या शातोत गेलो होतो ते आठवतं? तू हायस्कूलमध्ये होतीस आणि कंटाळून वॉकमन लावून गाडीतच बसलीस. आत तळघरातल्या म्हातारबुवांनी बाबांना नव्वदची वाईन थेट पिंपातून काढून दिली होती. बाबांनी ती हुंगली आणि वीस मिनिटं त्या माणसाशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, नागपूर मेडिकलला आमच्याकडे धड तपासण्या नव्हत्या, पेशंटच्या श्वासावरून मधुमेह आणि जखमेच्या वासावरून गँगरीन ओळखायचो, त्या नाकाचा असा सुखाचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला होता.

त्या शनिवारी दुपारी मी एक चूक केली. जेवणाच्या दिवशी घरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, कुणी सेंट लावायचा नाही, हा बाबांचा कायदा. पण सुमित्राकाकू मटण खात नाही, तिच्यासाठी वरण केलं आणि हाताच्या सवयीने हिंगाची फोडणी देऊन बसले. घरभर दरवळली. मी धावत खिडक्या उघडल्या, पंखा लावला. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी फ्रीजमधून पाणी घेतलं, कढल्याशेजारी उभं राहून प्यायले आणि मला म्हणाले, “घर अगदी फ्रेश ठेवलंयस, गुड.” आणि गेले.

थट्टा करतायत असं वाटलं. पण थट्टा त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

मग मी त्यांची वाईनची वही घेऊन बसले. पाहुण्यांसाठी प्रत्येक सालाचं कार्ड लिहायचं काम दरवर्षी माझंच. वहीत जुन्या पानांवर त्यांचं टपोरं अक्षर आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीचं जरा बारीक. गेल्या वर्षीचं इतकं लहान की मला चष्मा बदलावा लागला. ओळ सुरू होताना वाचता येत होती, संपेपर्यंत मुंगीएवढी झालेली. आसावरी, मी चोवीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली, डॉक्टर नसले तरी वास जाणं आणि अक्षर बारीक होत जाणं एकत्र आलं की कशाची शंका घ्यायची, हे कानावरून गेलेलं असतं. मी वही मिटली. पाहुणे तासाभरात येणार होते.

सहाच जण होतो. मोहनकाका, सुमित्राकाकू, वीस वर्षं बाबांना बाटल्या आणून देणारा वॉल्टर, गिरीश आणि आम्ही दोघं. डेकवर लख्ख ऊन होतं. बाटल्या उघडायचं काम बाबा कधी कुणाला करू देत नाहीत. यंदा त्यांनी कॉर्कस्क्रू गिरीशच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “शिकून घे आता.” मोहनकाका हसले, जावयाला प्रमोशन मिळालं म्हणाले. गिरीश हसला नाही. तो बाबांच्या डाव्या हाताकडे बघत होता. तो हात बाबांनी मांडीवर, नॅपकिनखाली ठेवला होता.

ब्याऐंशी झाली, पंच्याऐंशी झाली, अठ्ठ्याऐंशी झाली. बाबा रंगात आले होते, प्रत्येक पेल्यावर भरभरून बोलत होते. पण ते बोलत होते तो शब्दन् शब्द मी दुपारी वहीत वाचला होता. त्याच क्रमाने, तेच विशेषण. पंच्याऐंशीत शिसपेन्सिलीचा वास, अठ्ठ्याऐंशीत भिजलेली माती. पाठ केलेला धडा म्हणावा तसं. त्यांच्याखेरीज हे फक्त मला कळत होतं.

मग नव्वदची आली. रिवाज असा की आधी यजमानाने चाखायची. बाबांनी पेला फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि मान डोलावली. गिरीशने सगळ्यांना ओतली. माझा पेला तोंडापर्यंत यायच्या आधीच मला तो वास आला. कुबट. ओला पुठ्ठा महिनाभर बंद खोलीत पडून राहावा तसा. बुचाला बुरशी धरली की वाईनला तो वास येतो आणि ती बाटली ओतून द्यायची असते. हे बाबांनीच मला शिकवलंय. असली बाटली त्यांनी नुसतं बूच हुंगून बाजूला ठेवलेली मी कितीदा पाहिली आहे.

बाबा म्हणाले, “ही आजची राणी. चंदनाची पेटी, सुकं अंजीर, थोडा तंबाखू. वीणा, आठवतो ना तुला तो म्हातारा?”

मी हो म्हटलं. वॉल्टरने पेला वर उचलला होता, तो त्याने हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मोहनकाकांचा पेला ओठांपाशीच थांबला. बाबा एकेकाकडे बघू लागले. आधी हसत, मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून, मग तेही नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, बाटली सांडायची होती, काहीही. हातच हलला नाही.

तेव्हा गिरीशने आपला पेला उचलला आणि ती सबंध वाईन संपवली. घोटाघोटाने, शांतपणे, बाबांच्या डोळ्यांत बघत. म्हणाला, “सुंदर आहे, बाबा. मला अजून थोडी द्याल?”

बाबांनी त्याला दिली. उजव्या हाताने. बाकीच्यांनीही मग दोन-दोन घोट घेतले. त्या घटकेला मला कळलं की गिरीशला ठाऊक आहे, आणि आजपासून नाही, फार आधीपासून ठाऊक आहे.

रविवारी सकाळी कॉफी घेताना मी बाबांना सरळ विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. वास जाऊन सव्वा वर्ष झालं म्हणाले. डावा अंगठा जानेवारीपासून मधूनच थरथरतो. मार्चमध्ये एका ऑपरेशनला शिवताना हात अडला तेव्हा शेजारी मदतीला उभ्या असलेल्या गिरीशने सुई हातातून घेऊन टाका घातला म्हणून निभावलं. आणि सोमवारी साडेसातला केस होती. शाळेची बस चालवणारा पन्नाशीचा माणूस, मानेतली रक्तवाहिनी साफ करायची. मी म्हटलं, कॅन्सल करा. ते म्हणाले, “हात अजून चालतो. कापायला नाक लागत नाही.” मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी कप ठेवला आणि फिरायला निघून गेले.

सोमवारी ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा सर्जरी विभागाचे चीफ त्यांच्या केबिनबाहेर उभे होते. केस दुसऱ्या सर्जनला दिली होती. तुमची काळजी असलेल्या कुणीतरी फोन केला, एवढंच चीफ बोलले आणि मार्चमधल्या त्या टाक्याबद्दल विचारलं. तो टाका गिरीशशिवाय कुणाच्या लक्षात आला नव्हता. फोन गिरीशचाच, हे बाबांनी तिथेच ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारचं तुला सांगायला नको, तू दिवाणखान्यातच होतीस. बाबा उभे, गिरीश खाली मान घालून बसलेला. “तू केलास ना फोन?” गिरीश गप्प. “जावई म्हणून घरात घेतलं, माझ्या शेजारी उभं राहायला शिकवलं, आणि तू माझ्या पाठीमागे...” तरी गप्प. तू ओरडलीस, निदान नाही तरी म्हण. तो तेही म्हणाला नाही. सोमवारी तू वेदला घेऊन विमानात बसलीस. तू गिरीशकडे बघत होतीस, म्हणून एक गोष्ट तुला दिसली नाही. बाबांनी विचारलं तेव्हा गिरीशने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. मी ट्रे घेऊन दारात उभी होते.

आणखी एक तुला माहीत हवं. एप्रिलमधली तुमची हवाईची ट्रिप त्याने कॅन्सल केली, रोज उशिरा येतो, घरात लक्ष नाही, म्हणून तू माझ्याकडे रडली होतीस. मार्चपासून बाबांच्या प्रत्येक केसला त्याने स्वतःला मदतनीस म्हणून लावून घेतलं होतं. एकही चुकवली नाही. ते बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. लपवणं होतंच ते, त्याचे हिशेब त्याला द्यावे लागतील. पण ते त्याने बाबांसाठी केलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तो फोन मी केला, आसावरी. बाबा फिरायला गेल्यावर मी गिरीशकडून चीफच्या घरचा नंबर मागितला. त्याने कशासाठी ते विचारलं नाही, नंबर सांगितला आणि म्हणाला, “आई, मला जमलं नाही.” चीफना वासाचं, अंगठ्याचं, टाक्याचं, सगळं मी सांगितलं. बाबांनीच ते मला सकाळी सांगितलं होतं, पण त्यांचा संशय माझ्यावर गेलाच नाही. मग शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरावर आळ आला आणि मी चहा ओतत राहिले. का, ते सांगते. त्याने काही माफ होत नाही. यापुढे बाबांना पावलोपावली माझा हात लागणार आहे. ज्या बायकोने आपली सर्जरी बंद पाडली तिच्या हातून ते घास तरी घेतील का, या भीतीने मी जावयाला पुढे केलं. परकं पोर सोसेल, असं वाटलं. तो सोसत राहिला, आणि तुझं घर मोडायला आलं. काल डेकवर मी बाबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, मला आधी सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, सांगितलं असतं तरी तुम्ही सोमवारी गेला असता. ते म्हणाले, “हो. गेलो असतो.” त्यानंतर आमचं बोलणं नाही. सकाळी मी केलेले पोहे मात्र त्यांनी खाल्ले. आमचं काय व्हायचं ते होईल, तू त्यात पडू नकोस. हे पत्र मिळालं की आधी गिरीशला फोन कर. तो घरीच असतो, मी कालच त्याला डबा देऊन आले. तुला काही सांगू नका, म्हणत होता. मी ऐकलं नाही. मला फोन नंतर केलास तरी चालेल, आणि मनात नसेल तर नको करूस.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
आई