तिसऱ्या बिंदूखालचा मुरंबा

व्हसेतीन, ५ ऑक्टोबर

प्रिय बोझेना आत्या,

थंडी लवकर आली, तुझे गुडघे बरे असोत. आधी एक दुरुस्ती. उन्हाळ्यातल्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांची नजर कमी झाली, पंपाच्या बॉडीची मापं त्यांनी चुकीची घेतली, एकशेवीस बॉड्या (कारखान्यात आम्ही त्यांना जॉब म्हणतो) भंगारात गेल्या आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यातलं नजरेचं खोटं आहे. चूक माझी होती, आणि तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

तो माझा नामदिन होता, कॅलेंडरात माझं नाव येतं तो दिवस. तू पाठवलेले केक मी कारखान्यात, बाबांच्या नि माझ्या तपासणी विभागात वाटत होते (दोष तुझा नाही, पुढे वाच). एका हातात ताट, दुसऱ्या हाताने मोजणी. यंत्राचं टोक जॉबच्या सपाट तोंडाला काही बिंदूंवर टेकवायचं, त्यातून एक प्रतल ठरतं, आणि पुढचं प्रत्येक माप तिथून निघतं. ते कललं की सगळंच कललं. बाबांनी मला हे शाळेत जाण्याआधीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या तीन पायांच्या स्टुलावर बसवून. एखादा आखूड असला तरी तीन पाय कधी डगमगत नाहीत, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. चौथा बिंदू घेतला की गडबड उघडी पडते. त्या दिवशी मी तीनच घेतले, कारण कॉफी निवत होती. त्याच जॉबची पुढची भोकं बाबांनी मोजली आणि सही केली. भोकं तिरकी दिसली, म्हणून मिलिंगवाल्या राडेकने त्याचं मशीन ‘सरळ’ केलं, आणि नंतरचे एकशेवीस जॉब खरोखरच तिरके निघाले. साहेबांनी विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “सही माझी आहे ना? मग दुसऱ्या कुणाला कशाला विचारता?”

आता ते घरात काहीच मोजत नाहीत. भिंतीवर फळी लावली तीही अंदाजाने. मिठाची बरणी रोज घसरत टोकाशी जाते आणि मी ती गुपचूप मागे सरकवते. परवा राडेक दुकानात भेटला. “काय गं कमिला, म्हातारा पाव तरी सरळ कापतो का?” मी हसले, आत्या. त्याचीच लाज जास्त वाटते.

काल कोबी आंबवायला घातला. दाबायला वजन म्हणून बाबांनी भंगारातून आणलेला तो पहिला, मी मोजलेला जॉब तळघरातून काढला. धुताना त्याच्या तोंडावर एक काळा, वाळून दगड झालेला थेंब दिसला. मी चाटून पाहिला. तुझा आलुबुखाराचा मुरंबा. जागा माझ्या तिसऱ्या बिंदूची. टोक तोंडावर नाही, त्या थेंबावर टेकलं होतं.

तुझी,
कमिला

ता. क. केक पाठवत जा. फक्त आत मुरंब्याऐवजी पनीर घाल.

ता. क. एक लिहायचं टाळत होते. त्या थेंबाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. तपासणीची लाल पेन्सिल आमच्याकडे फक्त बाबा वापरायचे.

ता. क. हे पत्र खरं तर यासाठीच. मी साहेबांना सगळं सांगणार आहे. बाबांना कुणकुण लागली तर ते मागोमाग येऊन मला खोटं पाडतील, आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या शब्दापुढे माझं कुणी ऐकणार नाही. काहीतरी निमित्त काढून त्यांना तुझ्याकडे बोलावून घे. खुराडं बांधायचंय म्हण, फळ्या मोजायला लाव, आणि संध्याकाळपर्यंत सोडू नकोस. दिवस लिहून ठेव: मंगळवार, १४ ऑक्टोबर.