थिओडोरचे वीस दिवस

४ ऑगस्ट
बी.ए.च्या वर्गावर हजारेक वर्षांपूर्वीच्या रोमच्या पोपांचा गोंधळ शिकवत होते, तेवढ्यात शिपाई गंगाराममामा दारात. "म्याडम, संस्थेचा फोन हाय." नवे प्राचार्य पंचवीसला रुजू होणार, तोवर प्रभारी मीच. बाकी कुणी तयार नाही म्हणून! मोजले तर वीस दिवस. लातूरला आईला कळवलं. "वीस दिसाची का होईना, खुर्चीत ताठ बस."

५ ऑगस्ट
धडा पुढे. पोप फोर्मोसस मेला. नंतरच्या एका पोपनं त्याचं प्रेत उकरून, पोपची वस्त्रं घालून खुर्चीत बसवलं, खटला चालवला. फोर्मोससनं नेमलेले धर्मगुरू रद्द, प्रेत नदीत. पोरं खो खो हसली. मग थिओडोर. उणेपुरे वीस दिवस पोप. तेवढ्यात त्यानं नदीतून निघालेलं प्रेत सन्मानानं पुरलं, धर्मगुरू परत घेतले. आणि वारला.
मागून शीतल : "म्याडम, आपल्या जुन्या सरांचं बी असंच केलं की."
 जुने प्राचार्य वारले आणि महिन्याभरात, आता बदलून गेलेल्या, नंतरच्या साहेबांनी त्यांची अभ्यासिका बंद केली, भिंतीवरचा फोटोही उतरवला. साडेपाचच्या एसटीपर्यंत खेड्यांवरच्या पोरी तिथं वाचायच्या. आता दोन-दोन तास इथं लोह्याच्या एसटी स्टँडवर उभ्या. तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. लाज वाटली आज.

७ ऑगस्ट
सर सापडले! क्रीडाखोलीत, व्हॉलीबॉलच्या जाळीत गुंडाळलेले. चष्म्यावरून बघणं तेच. मामांनी रुमालानं काच पुसली, "चला सर, लई दिस झाले" म्हणाले आणि डोळेही त्याच रुमालानं पुसले. मामांच्या नाकाला धूळ. हसावं की रडावं.

११ ऑगस्ट
अभ्यासिका परत उघडायचा आदेश टाईप करायला सांगितला. हेडक्लार्क : "नवे सायेब येऊन राहिले म्याडम. प्रभारीनं निर्णय घ्यायचा नसतो. कशाला उठाठेव?"
मी : "निर्णय जुन्या सरांचाच आहे. तो रद्द करणं तेवढं रद्द करतेय."
त्यांनी कागद पुढं सरकवला. मला हे कसं सुचलं कोण जाणे. सही केली. शिक्का उलटा उमटला. असू दे.

१५ ऑगस्ट
झेंडा मी फडकवला!! दोरी अडकली, मामा धावले, फुलं सगळी माझ्याच डोक्यावर. फोटो जागेवर. अभ्यासिकेचं कुलूप शीतलनं उघडलं. बुंदी कमी पडली. आई लातूरहून खास आलेली, पुढच्या रांगेत, नवी साडी. माझ्यापेक्षा तीच ताठ.

२१ ऑगस्ट
बाकं पुरेनात. पोरी खाली सतरंजीवर. खिडकीतून बघत उभी राहिले, उगाच. लई बरं वाटलं.

२३ ऑगस्ट
शेवटचा दिवस. अभ्यासिकेत निरोप घ्यायला गेले. शीतल : "थिओडोरनंतरच्यानं काय केलं, म्याडम? ठेवलं का मोडलं?"
"ठेवलं. कायम केलं."
पोरींनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही बोलले. पण पुढं सर्जियस नावाचा पोप आला आणि त्यानं सगळं पुन्हा उलटवलं, ते नाही सांगितलं.
नवे सर सोमवारी येतायत. सर्जियस पुस्तकात पुढच्याच पानावर आहे. पोरी वाचतीलच, खोली उघडी आहे.