फाटकावरचा कागद

गोर्ना लिपा
३ ऑक्टोबर १९९९

चि. रुसकास, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. मी कालिनाकडे चालले आहे, मॉन्ट्रियलला! व्हिसाचा शिक्का बसला, जावयानं तिकीट पाठवलं, पंचवीस तारखेला सोफियाहून विमान. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर माझ्या लेकीला दिवस गेलेत, ते जानेवारीत भरतील. बाळाची पहिली आंघोळ माझ्या हातची व्हायला हवी, म्हणून मी विमानात बसायलाही तयार झाले. ज्या बाईला प्लॉवदिवच्या बसमध्येसुद्धा लिंबू हुंगत बसावं लागतं, ती समुद्र ओलांडणार! कालपासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

गावात अवाक्षर काढलेलं नाही. दृष्ट लागते, तुला ठाऊक आहे. फक्त शेजारच्या मिन्चोला सांगितलं, कारण कोंबड्या त्याच्याकडे ठेवायच्या आहेत आणि सोफियापर्यंत त्याच्याच खटाऱ्यातून जायचं आहे. माणूस तोंडाचा घट्ट आहे.

घरात अशी आवराआवर काढली आहे की बघणाऱ्याला वाटावं लग्नच आहे. भिंतींना चुना दिला, गाद्यांची लोकर पिंजून उन्हात टाकली, मिरच्या भाजून बरण्या भरल्या. द्राक्षाचा वेल छाटून मातीखाली निजवायचा बाकी आहे.

एकच गोष्ट घशाशी अडकते, ती म्हणजे चूल. आपल्या गल्लीतली घरं कशी गेली ते तू पाहिलं आहेस. आधी फक्त हिवाळ्यापुरतं म्हणून कुलूप लागतं, मग कौलं सरकतात, मग छपरातून आत आभाळ दिसायला लागतं. एकदा धुराड्यातला धूर थांबला की त्या घरात कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही. हे घर तुझ्या भावोजींनी, वल्चोनं, स्वतःच्या हातांनी दगडावर दगड ठेवून बांधलं. मी एप्रिलच्या शेवटी परत येईन असं म्हणते, पण कालिना आत्तापासूनच म्हणतेय की आता तिकडे एकटीचं आहेच काय, कायमची राहा. म्हणून तुला गळ घालते. आठवड्यातून एकदा ये आणि चूल पेटव. एवढंच. तू नाही म्हणालीस तरी मी जाईन, पण माझा अर्धा जीव इथेच राहील.

तुझी,
नेदाताई

&nbsp;

प्लॉवदिव
९ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस, रुसकाचा साष्टांग नमस्कार. गुडघा दुखत असल्यामुळे तूर्त तो कागदावरच घ्यावा.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. खालच्या मजल्यावरच्या बाईनं काठीनं छत ठोकलं, तरी थांबले नाही. आपली कालिना आई होणार! जा, ताई, धावत जा. आणि लक्षात ठेव, विमानात बरण्या मांडीवर घेऊन बसायचं नसतं, हवाई सुंदरीला आपल्याकडची भाकरी खायचा आग्रह करायचा नसतो, आणि बाजूला बसलेल्या परक्या माणसाला तुझ्या पित्ताची हकीकत सांगायची नसते.

आता चुलीबद्दल. ताई, रागावू नकोस, पण माझ्याच्यानं होणार नाही. दोन बस बदलायच्या, मग चढ चढायचा, तोही बर्फात, आणि कशासाठी, तर रिकाम्या घराला ऊब द्यायला! इथे मी नळ सोडते तर गरम पाणी येतं. गुरुवारी आमच्या पत्त्यांचा डाव असतो आणि मी नसले तर त्या तिघी एकमेकींचे डोळे काढतील. तिकडे हिवाळ्यात लांडगेसुद्धा राहत नाहीत. घर म्हणजे काही म्हैस नव्हे, रोज वैरण घालायला. पाइपांतलं पाणी काढून टाक म्हणजे ते फुटणार नाहीत, झडपा लाव, कुलूप घाल आणि मोकळ्या मनानं जा. भिंती कुठे पळून जात नाहीत.

कालिनाच्या पोटावरून माझ्या वतीनं हात फिरव.

तुझी नालायक पण लाडकी,
रुसका

&nbsp;

गोर्ना लिपा
२४ ऑक्टोबर १९९९

चि. रुसकास अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र पोचलं. लांडग्यांचं कळलं. रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले होते. दोन दिवस चुलीशी बोलत होते, तुझ्याबद्दलच. पण आता रागवायला वेळ नाही, उद्या उजाडताना निघायचं आहे!

बॅग बंद होत नव्हती. मिन्चो तिच्यावर बसला, मग मी बसले, तेव्हा कुठे झाकण लागलं. आत बाळाची लोकरीची आंगडी, मोज्यांत गुंडाळलेल्या मिरचीच्या चटणीच्या बरण्या आणि आपल्या अंगणातली मूठभर माती आहे. मातीला कुणी हसू नये म्हणून ती औषधाच्या डबीत घातली आहे. नवा कोट घालून मी आरशासमोर इतक्या फेऱ्या मारतेय की माझी मलाच लाज वाटते. आणि माझा वेंधळेपणा ऐक: गेल्या आठवड्यात सवयीनं कोबीचं पिंपही घातलं. कोबीचे गड्डे रचले, मीठपाणी ओतलं, वर दगड ठेवला, आणि मग लक्षात आलं की हे खाणार कोण? त्याचं पाणी दर दोन दिवसांनी खालून काढून वरून ओतावं लागतं, नाहीतर सगळं कुजतं. फेकून द्यायला हात धजला नाही. कुजलं तर कुजलं.

वल्चोला जाऊन सतरा नोव्हेंबरला दहा वर्षं होतील. त्या दिवशी मी इथे नसणार आणि त्याच्या आठवणीचा कागद न लागता फाटक कोरं राहणार. म्हणजे लोक म्हणायला मोकळे, की बाई नवऱ्याला विसरली. म्हणून काळ्या चौकटीचा कागद आधीच छापून आणला आणि आत्ताच फाटकावर चिकटवला. फोटो कालिनाच्या लग्नातला, आम्ही दोघं आहोत तो. छापणारा म्हणाला की तुम्हाला कापून टाकतो. पण वल्चोचा हात माझ्या खांद्यावर आहे, मला कापलं तर तोही कापला जातो. म्हटलं, असू दे मला तिथेच. फोटो मोठा छान आलाय.

उद्या निघताना उंबरठ्यावर पाण्याची तांब्याची लोटी कुणी ठेवायची हा प्रश्न होता. हे काम घरच्या माणसाचं. घरचं कुणी नाही, तर मीच ठेवीन, मीच पायानं कलंडवीन आणि मागे न बघता जाईन. माझी वाट त्या पाण्यासारखी सरळ होवो. सगळ्या झडपा लावल्या आहेत. चूल मात्र निघेपर्यंत विझू देणार नाही.

किल्ली नेहमीच्या जागी, वेलाजवळच्या फुटक्या मडक्यात. तू येणार नाहीस, पण सांगून ठेवली.

आशीर्वाद आहेतच, रागावले तरी कमी होत नाहीत.
नेदाताई

&nbsp;

गोर्ना लिपा
३० ऑक्टोबर १९९९

ती. ताईस, तू जिवंत आहेस याबद्दल शतशः नमस्कार.

हो, वर गावाचं नाव बरोबर लिहिलं आहे. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले आहे, आणि त्याला कारण तूच आहेस. चांगल्या फोटोची तुला एवढी हौस!

बुधवारी सकाळी चुलतबहीण त्सोनाचा फोन आला. रडण्यात एक शब्द कळेना. शेवटी कळलं की ती आठवडी बाजाराच्या बसमधून तुझ्या घरावरून चालली होती, झडपा बंद, धूर नाही, फाटकावर तुझ्या फोटोसकट नवाकोरा काळा कागद. बस थांबवून ती उतरली नाही, कारण तिला चक्कर आली. तू सोमवारी निघणार होतीस एवढंच मला ठाऊक होतं आणि माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नव्हतं. मला वाटलं, आनंदानं ताईचं हृदय उंबरठ्यावरच बंद पडलं. कालिनाकडे फोन कुणी उचलेना. मिन्चो सोफियाला लेकाकडे राहिलेला, त्याच्या दाराला कुलूप. कुणाला सांगितलं नाहीस ना, मग विचारायचं कुणाला? मी दोन बस बदलल्या आणि तो चढ चढले. गुडघा दुखला की नाही, आठवत नाही.

फाटकाशी पोचले तर मेणबत्त्या, गेलेल्याच्या नावानं ठेवतात ती उकडलेल्या गव्हाची थाळी आणि फुलं. जिवंत माणसाला आपण फुलं विषम नेतो, इथे प्रत्येक जुडी सम. मी मोजत गेले आणि रडत गेले. काळी चौकट, तुझा चेहरा, बाकी अक्षरं पाण्यात. फाटक धरून इतका वेळ उभी होते की हात गारठले. ताई, त्या वेळी माझ्या मनात एकच होतं, तू एक गोष्ट मागितलीस आणि मी पत्त्यांचा डाव सांगितला.

मग डोळे पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. दहा वर्षं. वल्चो. सदैव आठवण काढणारी पत्नी नेदा. मी जे हसत सुटले ते त्सोना काळा रुमाल बांधून पाद्रीबाबांना घेऊन येईपर्यंत हसतच होते. बाबांना वाटलं मला दुःखानं वेड लागलं, ते माझ्यावर पाणी शिंपडायला लागले. खरं काय ते सांगितल्यावर त्सोना तुझ्यावर जाम भडकली. तिनं गव्हाची थाळी उचलून आत आणली आणि तुझेच अक्रोड घालून तुझ्याच नावाचे गहू आम्ही तिघांनी संपवले. चव छान होती.

शेवटची बस गेलेली, मग चूल पेटवणं आलंच. धुराड्यातून धूर निघाला मात्र, वरच्या आळीतली दोघं क्रूस काढत पळत आली. तुझ्या घरातून धूर येतो म्हणजे तूच परत आलीस अशी त्यांची खात्री! त्यांना कॉफी दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून कालिनाला फोन लावला. तू बाराव्या मजल्यावर घोरत पडली होतीस. बरं वाटलं.

आता निघणारच होते, पण तळघरात डोकावले तर कोबीच्या पिंपावर फेस. पाणी वरून ओतलं. दोन दिवसांनी परत ओतायचं, म्हणजे दोन दिवस राहणं आलं. बघू.

तुझी,
रुसका (सध्या गोर्ना लिपाची रखवालदार)

&nbsp;

मॉन्ट्रियल
१७ नोव्हेंबर १९९९

चि. रुसकास, सात समुद्रांपलीकडून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हसले, मग रडले, मग कालिनाला वाचून दाखवलं, तर ती इतकी हसली की जावई दवाखान्यात फोन करायला निघाला. पोरगी गुलाबी दिसते. बाळ लाथा मारतं, माझा हात ठेवला की जास्त मारतं. आज वल्चोसाठी इथल्या खिडकीत मेणबत्ती लावली.

तुला खरं सांगते. इथे माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, पडद्यांसकट. कालिनानं परत विषय काढला, आई, कायमची राहा. मी हो म्हणणार होते. शब्द ओठांवर होता. परत जाऊन काय करायचं, गार चुलीपुढे बसायचं? त्याच दिवशी तुझं पत्र आलं. माझ्या घरातून धूर निघाला आणि लोक पळत आले, एवढं एक वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मी कालिनाला सांगितलं, एप्रिलमध्ये मी परत जाणार आणि उन्हाळ्यात तुम्ही तिघांनी यायचं. ती रुसली, पण कबूल झाली.

तू अजून तिथेच आहेस का? पत्र तिकडेच टाकते. असलीस तर कोबीला मीठ पुरेसं आहे का ते चाखून बघ.

तुझी,
नेदाताई

&nbsp;

गोर्ना लिपा
१९ जानेवारी २०००

ती. ताईस, आता आजीबाईस, त्रिवार नमस्कार!

मुलगी! दुकानदार फोनचा निरोप घेऊन बर्फातून ओरडतच आला. नाव नेदा ठेवलं हे ऐकून मी त्याला मिठी मारली आणि त्याची बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मी इथेच आहे. कोबीसाठी राहिले होते, मग तुझ्या कोंबड्या मिन्चोकडे अंडी देईनात म्हणून परत आणल्या, मग बर्फच पडलं. गुरुवारी माझ्या त्या तिघी बसनं इथे येतात, चुलीपाशी डाव मांडतात, आणि मिन्चो पत्त्यांत लबाडी करतो. कोबी उत्तम झाला आहे.

तर बाळाची बातमी. आपल्याकडे फाटकावर फक्त गेलेल्यांचे कागद लागतात. मला ते पटेना. मी खाली उतरून त्याच छापणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे चौकट एकच, काळी. म्हटलं, तीच वापर, पण शाई लाल घाल. वर मोठ्या अक्षरात नेदा, खाली जन्मल्याची तारीख, आणि कळवणाऱ्यांत आजी नेदा, धाकटी आजी रुसका आणि आजोबा वल्चो. वल्चोचा कागद तसाच ठेवून हा त्याच्या शेजारी लावला.

सगळं गाव येऊन गेलं. प्रत्येक जण सवयीनं आधी टोपी काढतो, क्रूस काढतो, मग वाचतो आणि टोपी हातात धरून तसाच उभा राहतो. मिन्चोनं तर तीनदा वाचलं आणि टोपी झाडावर भिरकावली, ती अजून तिथेच आहे. त्सोना बाजारातून लाल फुलं घेऊन आली, आणि सवयीनं चार घेऊन आली. मी तिच्या हातातून एक काढून घेतलं. तीन फाटकावर बांधली आहेत. चौथं तुझ्या खिडकीत पाण्यात ठेवलं आहे, चुलीच्या उबेत टिकेल तेवढं टिकेल.

एप्रिलमध्ये ये. उंबरठा मी झाडून ठेवते.

लोभ तर आहेच, तो मोजायला घरी ये.
तुझी,
रुसका