तिसऱ्या प्रकरणातली पोर

गंधाली,

आई घरात नाही. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात दार उघडून गेली. फोन इथेच राहिलाय. वॉचमन म्हणाला, मुलुंड स्टेशनच्या दिशेने गेल्या, हातात शाल होती. मी तिकडेच शोधायला निघालोय.

परवापासून ती जुनी कादंबरी वाचतेय. कॉलेजात इतकी वर्षं शिकवली, पण आता काही आठवत नाही, म्हणून तिच्यासाठी ती नवीच आहे. तिसऱ्या प्रकरणात सासरचे त्यातल्या पोरीला तान्ह्या बाळासकट घराबाहेर काढतात, आई तिथेच अडकलीय. सासूवर तिचा फारसा राग नाही. "ती वाईटच आहे हो, पण शेजारची चांगली माणसं खिडक्या लावून बसली, त्यांचं काय?" असं सारखं विचारते. सकाळी मी वैतागून म्हटलं, "शुभा, अगं ती गोष्ट आहे!" तर माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण गप्पच बसणार?"

शाल नेलीय म्हणजे ती त्या पोरीलाच आणायला गेली असणार. मला दुसरं काही सुचत नाहीये गं.

तू घर सोडू नकोस. अंधार पडेपर्यंत माझा फोन आला नाही तर शेजारच्या श्वेताला घरी बसव आणि आईचा फोटो घेऊन पोलीस स्टेशनला जा.

ती आपणहून परत आली तर आधी मला कळव. तिला रागावू नकोस, कुठे गेली होतीस विचारू नकोस. ती पोर आणि बाळ सुखरूप आहेत, बाबांनीच त्यांना घरात घेतलं, असं सांग.

बाबा